जडाचे हलके करताना : सुकट-सोड्यांच्या पाकसंस्काराचा इतिहास

‘सुकट जड असते, पावसाळ्यात जपून खावी’ हा सल्ला कोकणात आणि मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आला आहे. गंमत अशी, की सुकट सर्वांत जास्त खाल्ली जाते ती पावसाळ्यातच. समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाजारात ओली मासळी नाही. अशा दिवसांत आगोटीला भरून ठेवलेला सुक्या मासळीचा डबा उघडला जातो. पावसाळ्यात जठराग्नी मंद असतो, असे आपले वैद्यक सांगते. म्हणजे पचनशक्ती वर्षात सर्वांत दुबळी असते नेमक्या त्याच काळात, पचायला जड मानलेला पदार्थ आपल्या किनारपट्टीच्या पानात येतो. हा विरोध किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघराने कसा सोडवला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. वरवर पाहता विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्याकडे ज्ञान कोणते मानले गेले आणि कोणते नुसतीच ‘घरातली सवय’ म्हणून बाजूला टाकले गेले, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘सुकट’ हा शब्द उघडच ‘सुका’ या शब्दाच्या कुळातला, संस्कृत ‘शुष्क’ आणि प्राकृत ‘सुक्क’ यांच्याशी नाते सांगणारा. व्यवहारात तो वाळवलेल्या बारीक कोळंबीसाठी वापरतात. तीतही सर्वांत बारीक तो जवळा. काही कोळीवाड्यांत त्याला ‘कोलीम’ म्हणतात. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. जवळा ही स्वतंत्र जात आहे. ‘असेटीस इंडिकस’ या नावाने फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्‌स याने १८३० मध्ये तिचे वर्णन केले. पूर्ण वाढलेला जवळाही जेमतेम चार सेंटिमीटर भरतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात तो बोंबलांच्या जोडीने येतो. याहून थोडी मोठी ती करंदी. आणि मोठी कोळंबी सोलून, कवच काढून वाळवली, की तिचे ‘सोडे’ होतात. म्हणजे सोड्यांचे कवच वाळवण्यापूर्वीच गेलेले असते. सुकट आणि जवळा मात्र कवच, मिशा, पाय यांसकट वाळतात. पचनाच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे. सोड्यांची भाजी करणे आणि जवळ्याची चटणी करणे या दोन वेगळ्या समस्या आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

आता वैद्यकाकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोणते अन्न नित्य खाऊ नये याची यादी आहे. तीत वाळवलेले मांस आणि वाळवलेल्या भाज्या यांचा एकत्र उल्लेख येतो आणि कारण दिले आहे ते गुरुत्वाचे, म्हणजे जडपणाचे. सोळाव्या शतकातला भावमिश्र ‘भावप्रकाशा’त अधिक नेमके बोलतो. वाळवलेले मासे पचायला कठीण आणि मलावरोध करणारे, असे तो म्हणतो; मात्र लगेच पुढे, भाजलेला मासा गुणांनी श्रेष्ठ आणि पुष्टी देणारा, असेही सांगतो. ही दोन विधाने शेजारी शेजारी यावीत, हे लक्षणीय आहे. पहिल्या विधानात एका दोषाची नोंद आहे, दुसऱ्यात अग्नीच्या संस्काराची थोरवी. भावमिश्राने ती जोडून ‘वाळलेला मासा भाजून खा’ असे सांगितलेले नाही. ती जोडणी किनाऱ्यावरच्या चुलींनी केली. आणि त्या बहुतेक चुलींपर्यंत भावमिश्राचे नाव कधी पोचलेही नसेल.

शास्त्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘जड’ हा पदार्थावर कायमचा मारलेला शिक्का आहे, असे चरक मानत नाही. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी करावयास सांगितला आहे: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. प्रकृती म्हणजे पदार्थाचा मूळ स्वभाव. करण म्हणजे त्यावर केलेला संस्कार. पाणी, अग्नी, स्वच्छ करणे, घुसळणे, मुरवणे ही त्याची उदाहरणे. संयोग म्हणजे त्याच्या जोडीला काय आहे, राशी म्हणजे किती आहे. मूळ स्वभावाने जड असलेला पदार्थ संस्काराने हलका होऊ शकतो, हे येथे गृहीतच धरलेले आहे. पुढे ‘शास्त्रात जड सांगितले आहे’ एवढेच वाक्य लोकांच्या तोंडी राहिले आणि उरलेली सात अंगे विसरली गेली. ही सात अंगे मला पोथीपेक्षा सुकट निवडणाऱ्या बायकांच्या हातांत अधिक स्पष्ट दिसतात. त्यांना चरक ठाऊक होता, असा दावा करण्याचे कारण नाही. दोघांपुढे प्रश्न एकच होता, आणि अनुभवाने दोघेही जवळपास त्याच वाटेने गेले.

पहिली क्रिया निवडण्याची. सुकट सुपात घ्यायची आणि पाखडायची. शिंपल्यांचे तुकडे, बारीक खेकडे, काड्या, इतर मासळीचे अवशेष वेचून टाकायचे. सुकट जरा मोठी असेल तर प्रत्येकीचे डोके, शेपटी आणि पाय मोडून काढायचे. जवळ्याच्या बाबतीत हे शक्य नाही. तेथे युक्ती वेगळी. सुकट खाऊन पोट दुखले, असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा दोष पुष्कळदा सुकटीचा नसतो, तिच्याबरोबर आलेल्या वाळूचा आणि टोकदार मिशांचा असतो. जवळा पूर्वापार खळ्यावर, सारवलेल्या जमिनीवर किंवा सरळ वाळूवर पसरून वाळवला जात असे. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेसारख्या, १९५७ पासून कोचीत काम करणाऱ्या संस्थांनी उंच मांडव, जाळ्या आणि सौर वाळवणयंत्रे यांचा प्रसार केला, त्यामागे स्वच्छतेचे हेच कारण होते. परंतु वाळू येणारच, हे धरून चालणारी निवडण्याची शिस्त त्याच्या कितीतरी आधीची आहे.

दुसरी क्रिया कोरडे भाजण्याची. लोखंडी तव्यावर किंवा मातीच्या खापरात, तेलाचा थेंबही न घालता, मंद आचेवर सुकट परतत राहायचे. तीन-चार मिनिटांत तिचा वास बदलतो. ओलसर, उग्र वास जाऊन खमंग वास येऊ लागतो आणि बोटांत धरून दाबली तर ती कुरकुरीत मोडते. जवळ्याची युक्ती ती हीच. भाजलेला जवळा कोमट झाला, की दोन्ही तळव्यांत हलकेच चोळायचा आणि पुन्हा सुपात घेऊन पाखडायचा. मिशा, पाय आणि कवचाचा भुसा उडून जातो. हा भुसा किती निघतो हे एकदा पाहिले, की न भाजता केलेला जवळा जड का पडतो, हे निराळे सांगावे लागत नाही. भाजण्याचा दुसरा उपयोग साठवणीतल्या ओलीशी आहे. पावसाळी हवेत डब्यातली सुकट ओल धरते आणि ओल धरली की बुरशी येते. भाजल्याने ती ओल जाते. मात्र बुरशी आलेली किंवा नाकात झोंबणारा वास सुटलेली सुकट भाजून सुधारत नाही. ती टाकूनच द्यायची, याबद्दल जुन्या बायका अगदी ठाम असत.

तिसरी क्रिया पाण्याची. भाजून पाखडलेला जवळा मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात घालायचा, हाताने ढवळायचा आणि वरच्या वर ओंजळीने उचलून घ्यायचा. पाणी चाळणीत ओतायचे नाही, कारण तळाशी बसलेली रेती पुन्हा त्यातच मिसळते. असे दोन-तीन वेळा करायचे. सोड्यांचे तसे नाही. ते कोमट पाण्यात पाव तास ते वीस मिनिटे भिजवावे लागतात. नंतर पाठीवरचा काळा दोरा दिसला तर काढून टाकायचा. ताज्या कोळंबीत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते आणि वाळवताना त्यातले बहुतेक निघून जाते. म्हणूनच चार-पाच किलो ओला माल वाळला, की हाती किलोभर येतो. गेलेले पाणी परत दिल्याशिवाय सोडे शिजवले तर ते चिवट राहतात, चावले जात नाहीत. आणि नीट न चावलेला घास पोटात जड होणारच.

चौथी क्रिया आंबटाची आणि पाचवी जोडीची. चरकाच्या भाषेत दोन्ही संयोगात मोडतात. कोकणात आमसूल, उन्हाळ्याच्या अखेरीस कैरी, इतरत्र चिंच. माशाला आंबट लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथातही मासा शिजवताना चिंचेचा रस येतो. कोळंबीच्या कवचात कायटिनबरोबर चुन्याचे क्षार असतात आणि आम्लात ते काही प्रमाणात विरघळतात. म्हणजे आमसूल केवळ चवीसाठी नाही, शिल्लक राहिलेले कवच मऊ करण्यासही त्याचा हातभार लागतो. ठेचलेली लसूण, आणि काही घरांत हिंग, ही त्यापुढची तजवीज. येथे चरकसंहितेतली आणखी एक गोष्ट आठवते. वारा-पावसाने झाकोळलेल्या दिवशी आंबट, खारट आणि स्निग्ध पदार्थ ठळकपणे असलेले अन्न घ्यावे, असे ऋतुचर्येत सांगितले आहे. आमसूल, मीठ आणि ओले खोबरे घातलेले सुकटीचे कालवण त्या वर्णनात जवळजवळ जसेच्या तसे बसते.

जोडीला भाजी हवीच. वांगी-सोडे, शेवग्याच्या शेंगा घातलेली सुकट, भरपूर कांद्यातला जवळा, दुधीतले सोडे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरची सोड्यांची खिचडी: या यादीत नुसती सुकट कोठेही नाही. पाव किलो वांग्यांना मूठभर सोडे, असे साधारण प्रमाण असते. त्यामागे काटकसर आहे, हे खरे. पण पचनाचा हिशेबही आहे. वाळवलेल्या कोळंबीचे निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचे असते. ती ओल्या मासळीसारखी वाटीभर खाण्याची वस्तूच नव्हे. मलावरोधाचा जो दोष भावमिश्राने नोंदवला, त्यावर भाजीतला चोथा आणि रस हा साधा उतारा आहे. चरकाने ‘राशी’ म्हटले ते येथे ‘मूठभर’ या मापात उतरले आहे.

या साऱ्याला एक राजकीय बाजूही आहे, आणि ती मिठाची. मोठी मासळी टिकवायची तर मीठ लागते, आणि ब्रिटिश अमलात मिठावर जबर कर होता. १८८२ मध्ये तो मणाला दोन रुपये होता, १८८८ मध्ये अडीच रुपये झाला. मासेमारीवर याचा इतका परिणाम झाला, की सरकारला मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या किनाऱ्यांवर मासे खारवण्यासाठी खास आवार उभारून तेथे सवलतीने मीठ द्यावे लागले. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तो अशा किनाऱ्यावर, जेथे मीठ म्हणजे जेवणाइतकाच धंद्याचाही प्रश्न होता. हा कर अखेर १९४७ मध्ये उठला. जवळ्याला मात्र मीठ लागत नाही. तो इतका बारीक असतो, की कडक उन्हात एका-दोन दिवसांत नुसताच वाळतो. ज्याला महाग मीठ परवडत नव्हते, त्यालाही जवळा वाळवता येत होता. गरिबाच्या पानात तो इतका रुळला, त्याचे हे एक कारण असावे, असे मला वाटते. बिनमिठाचा असल्यामुळे त्यातला खारटपणा काढण्यासाठी तो तासन्‌तास भिजवावा लागत नाही. धुणे पुरते, आणि चवही पाण्याबरोबर वाहून जात नाही.

गरिबाचे अन्न ठरल्यामुळेच त्याची उपेक्षा झाली. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत रत्नागिरीकडचे चाकरमानी गिरणगावात दाटीवाटीने राहू लागले. गावाहून येणाऱ्या बोचक्यात तांदूळ, आमसुले आणि सुकट ठरलेली असे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांना डाळ-भाजीच्या अभावी भाकरीबरोबर भाजलेला जवळा आणि कांदा पुरत असे. त्यांना रांधून घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची संघटना, प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने उभी राहिली, ती १९७५ मध्ये. म्हणजे शतकाहून अधिक काळ या बायकांचे कसब शहराला जेवू घालत होते आणि त्याची दखल कोणी घेतली नव्हती. दरम्यान ‘सुकट जड’ या वाक्याचा अर्थ हळूहळू बदलत गेला. मूळचा वैद्यकीय शेरा सामाजिक शेरा झाला. वास येणारे, पोटाला बाधणारे, खालच्या वस्तीतले अन्न, असा त्याचा सूर लागला. आज इमारतींच्या जिन्यांत सुकटीच्या वासावरून जे वाद होतात, त्यांत हाच सूर नव्या शब्दांत ऐकू येतो.

छापील पाकशास्त्रानेही येथे फारशी मदत केली नाही. मराठीतले पहिले छापील पाकशास्त्राचे पुस्तक म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ ओळखले जाते. ते १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० चे. या परंपरेचे ऋण मोठे आहे. परंतु पाककृती लिहिण्याचा जो साचा पुढे रूढ झाला, त्यात पदार्थ तेल तापवण्यापासून सुरू होतो. त्याआधीचे सारे काम ‘सुकट स्वच्छ करून घ्यावी’ एवढ्या अर्ध्या वाक्यात आटोपते. आणि पदार्थ पोटाला सोसेल की नाही, हे तर त्या अर्ध्या वाक्यातच ठरत असते. सुपाची लय, तळव्यांतले चोळणे, वरून उचलून घेणे या गोष्टी पाहून शिकायच्या असत. पाहणे संपले, की त्या संपतात.

आधुनिक विज्ञानाने या कसबाला काही ठिकाणी दुजोरा दिला आहे आणि एका ठिकाणी त्याची मर्यादाही दाखवली आहे. माणसाला कायटिन मुळीच पचत नाही, असे फार काळ मानले जाई. माणसाच्या जठरात कायटिन तोडणारे विकर असते, हे २००१ मध्ये दाखवले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात, काही लोकांच्या जठररसात त्याची क्रिया जवळजवळ आढळलीच नाही. एकाच पानातली सुकट एकाला सोसते आणि दुसऱ्याला नाही, या घरोघरच्या अनुभवाचे हे एक संभाव्य कारण म्हणता येईल. चरकाने आठवे अंग ‘उपयोक्ता’, म्हणजे खाणारा, हे ठेवले ते उगाच नव्हे.

मर्यादा आहे ती ‘बाधणे’ या शब्दाची. सुकट खाल्ल्यावर ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे, दम लागणे याला आपल्या घरांत सर्रास ‘सुकट बाधली’ म्हणतात आणि पुढच्या वेळी ‘नीट भाजून’ पुन्हा वाढतात. ही अपचनाची लक्षणे नव्हेत. ही ॲलर्जी आहे. तिच्या मुळाशी प्रामुख्याने असणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेने नष्ट होत नाही. भाजणे, धुणे, आमसूल, लसूण यांतले काहीही येथे उपयोगी पडत नाही. अशा माणसाने सुकट, सोडे आणि ओली कोळंबी सारेच सोडले पाहिजे आणि डॉक्टरांना गाठले पाहिजे. परंपरेचा आदर करताना तिच्या शब्दांनी झाकून टाकलेली ही गोष्ट उघड सांगणे मला आवश्यक वाटते. अपचनाचा उपाय ॲलर्जीवर लावण्याची चूक जिवावर बेतू शकते.

आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. म्हणजे आगोटीची बेगमी अजून कालबाह्य झालेली नाही. मे महिन्यात मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात आजही गर्दी होते. मात्र तेथून पिशवी घेऊन घरी येणाऱ्या नव्या पिढीच्या हाताशी बहुधा सूप नसते. जवळा पाकिटातून सरळ कढईत पडतो, रात्री पोट दुखते आणि ‘आपल्याला हे आता पचत नाही’ असा निष्कर्ष निघतो. एक पदार्थ घरातून जातो आणि त्याचा दोष त्याच्या प्रकृतीवर टाकला जातो. वस्तुतः प्रकृती होती तीच आहे. मधला संस्कार तेवढा गळून पडला आहे.

तेव्हा या पावसाळ्यात डबा उघडाल तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवावा. निवडावे, कोरडे भाजावे, चोळून पाखडावे, भरपूर पाण्यातून उचलून घ्यावे, मूठभरच घ्यावे, भाजी आणि आमसूल जोडीला द्यावे, आणि शक्य तर रात्रीऐवजी दुपारी खावे. घरात हे करणारे कोणी वडीलधारे असेल, तर त्यांच्या शेजारी बसून ते एकदा पाहून घ्यावे. या इतिहासाची अस्सल प्रत त्यांच्या हातांत आहे, आणि ती कोठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही.